पाहण्याचा कार्यक्रम

मौद्याच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बाबांच्या क्लॅरिनेटवर. बाबा तिथल्या बँडपार्टीत वाजवायचे. लग्नसराईत वराती, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, मधूनच कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, आणि काम नसेल त्या दिवशी ओट्यावर बसून रियाज. आधी दोन-चार बेसूर शिट्ट्या निघायच्या. शेजारची म्हातारी गोठ्यातूनच ओरडायची, "बंद कर गा बापा, म्हैस पान्हवत नाही!" मग एकदम तो लांब, गोड सूर लागायचा आणि म्हातारीही गप्प व्हायची, म्हैसही. आत आई चुलीपुढे भाकरी थापायची. तिच्या थापण्याला बाबांचा ठेका आपोआप लागायचा, आणि हे तिला दाखवून दिलं की ती रागवायची. क्लॅरिनेट हा तिच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग होता, जरी घरातलं पीठ त्याच उद्योगातून येत होतं.

माझा उद्योग ढोलाचा होता. बँडच्या मोठ्या ढोलावर पार्टीचं नाव आणि एक चित्र असे, आणि लग्नसराईच्या आधी ते नव्याने रंगवावं लागे. रंगवणारा पेंटर एका वर्षी गाव सोडून गेला, तेव्हा मी बाबांच्या हात धुऊन मागे लागले की मी रंगवते. नववीत होते. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट, दाढीचा जुना ब्रश आणि एक बारीक कुंचला एवढ्यावर मी मोर काढला. तो कोंबडीसारखा झाला. त्या वर्षभर आमच्या बँडला सगळा तालुका कोंबडी बँड म्हणायचा, आणि ढोलवाले काका मला रस्त्यात पाहिलं की आरवून दाखवायचे. पुढच्या वर्षी मी असा मोर काढला की रामटेकच्या एका पार्टीने त्यांचे दोन ढोल माझ्याकडे पाठवले. काकांचं आरवणं तेव्हा बंद झालं.

शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की नागपूरला चित्रकलेचा कोर्स असतो, तो केला की शाळेत शिकवायला मिळतं. मॅट्रिक झाले आणि माझ्या डोक्यात त्याशिवाय दुसरं काही राहिलं नाही. राहायला जागा होती, नागपूरला आत्या होती. आत्याचे यजमान रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते, पण आत्याचा तोरा असा की तो अख्खा दवाखाना तिच्याच सल्ल्याने चालतो. ती हो म्हणाली तर मी कोर्सला जाणार, नाही म्हणाली तर नाही, इतकं ते सरळ होतं. आणि आत्या हो-नाही काहीच म्हणत नव्हती. "पाहू नं वं. घाई काय हाय?" एवढंच म्हणायची आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहायची.

तोवर मी एकही खरं चित्र पाहिलं नव्हतं. आज मोबाइलवर बोट फिरवलं की जगातलं कुठलंही चित्र समोर येतं, म्हणून माझ्या नातीला हे पटत नाही. पण आमच्याकडे चित्र म्हणजे कॅलेंडर, आगपेटी आणि दुकानाच्या पाट्या. नागपूरच्या म्युझियममध्ये दालनंच्या दालनं चित्रं आहेत, पाहता पाहता पाय दुखतात, असं बाईंनी सांगितल्यापासून मी घरात तो एकच घोष लावला होता. बाबा म्हणायचे, सराई संपू दे. सराई संपली की म्हणायचे, ऊन उतरू दे. आई म्हणायची, भिंतीले टांगलेलं पाहाले एसटीत बसून काहून जा लागते? अशी दोन वर्षं गेली. आणि मग एका थंडीच्या दिवसात बाबा जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, "ह्या रविवारी जाऊ म्युझियमले. आत्या येईन तिथं."

मी इतकी हरखले की मला काहीच दिसलं नाही. खरं तर सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. शनिवारी आई सांबारवड्या करायला बसली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, थंडीत ती ढिगाने येते. ती निवडायची, धुवायची, पंच्यावर पसरून सुकवायची, मग खसखस, खोबरं, तिखट घालून सारण, आणि ते बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. मोठं किचकट काम, आई ते फक्त पाहुण्यांसाठी करायची. मी विचारलंसुद्धा, चौघांना एवढ्या वड्या कशाला? ती म्हणाली, बाहेर भूक लागते. रविवारी पहाटे तिने पेटीतून तिची मोरपंखी साडी काढली, जी ती स्वतः कधी नेसायची नाही, आणि मला नेसवली. मी सांगत होते की आई, तिथे सगळे आपापल्या कपड्यात येतात. ती निऱ्या करत राहिली. वेणी मात्र तिने तीनदा सोडून पुन्हा घातली.

एसटीत मी खिडकीशी बसले. मौद्याकडे आता लांबूनच वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तेव्हा धानाची कापलेली शेतं आणि धुकं होतं. बाबा माझ्या बाजूला बसले होते आणि एरवी वाटभर गुणगुणणारा हा माणूस तोंडातून सूर काढत नव्हता. मला वाटलं, थंडीने.

म्युझियम बाईंनी सांगितलं होतं त्याहून मोठं होतं. एक फाटक, मग लांबरुंद हिरवळ, मग दगडी इमारत, आणि तिच्या आत एकातून दुसरं उघडणारी दालनं. दारातच एक दगडी हत्ती होता. आत्या तिथे आधीच येऊन उभी होती, जरीकाठी साडीत, आणि मान उंच करून कुणाला तरी शोधत होती. मी आत घुसायला निघाले तर तिने दंड धरला. "थांब वं. घाई काय हाय?" तिने स्वतःच्या पिशवीतून पावडरचा डबा काढून माझ्या गालांवर हात फिरवला. तेवढ्यात हत्तीच्या पलीकडे एक कुटुंब येऊन उभं राहिलं. एक जाड चष्म्याचा तरुण मुलगा, दोन बायका, एक म्हातारा. आत्याचा चेहरा एकदम उजळला. ती हात जोडून त्यांच्याकडे धावलीच.

"या, या! लय वाट पाह्यली. हेच आमची रजनी. मॅट्रिक पास हाय. रंग तुम्ही पाहूनच राह्यले. स्वयंपाक समदा येते."

त्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारा कान पुढे करून म्हणाला, "कोन रजनी?"

"आमची रजनी! पोराले दाखवाची होती नं आज!"

"बाई," त्यातली एक बाई म्हणाली, "आम्ही भंडाऱ्यावरून हत्ती पाहाले आलो. पोराचं लगन झालं आमच्या, दिवाळीतच." आणि तो चष्म्याचा मुलगा लाजून हत्तीच्या मागे गेला.

त्यांनी हत्ती पाहिला आणि ते गेले. आत्या जिथल्या तिथे उभी राहिली, हात अजून जोडलेले. आई डब्याच्या पिशवीत काहीतरी शोधू लागली. बाबा छताकडे पाहत होते. आणि मला वड्या, मोरपंखी साडी, तीनदा घातलेली वेणी, गालावरची पावडर, सगळं एका क्षणात कळलं. ज्या म्युझियमसाठी मी दोन वर्षं भांडले, ते मला दाखवायला कुणी आणलंच नव्हतं. मला तिथे दाखवायला आणलं होतं. पोरगी घरी दाखवली आणि नकार आला की गल्लीत चर्चा होते, म्हणून म्युझियममध्ये 'सहज भेट' घडवायची, ही अक्कल आत्याची. स्थळ दवाखान्यातल्या ओळखीतून आलं होतं आणि त्या मंडळींना आत्यानेही कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

बाबा म्हणाले, "पोरगा चांगला हाय म्हनते आत्या. नागपूरचाच हाय."

"आन् कोर्स?"

आत्या मध्ये पडली. "लगन झाल्यावर काढ नं चित्रं. दारापुढं रांगोळी काढ, कोन मना करून राह्यलं तुले?"

हे वाक्य मी नंतर आयुष्यभर वर्गात मुलींना ऐकवत आले आहे. आत्या आज असती तर तिला सांगितलं असतं की तुझ्या त्या एका वाक्याने मी किती मुलींचे बाप वळवले. त्या वेळी मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं याचाच मला जास्त राग आला. फाटक समोर होतं. पळून जाता आलं असतं, रडून गोंधळ घालता आला असता. पण मग चित्रं राहिली असती. यांच्यापायी मी माझं म्युझियम का म्हणून सोडायचं? मी पदराने गालावरची पावडर खसखसून पुसली आणि म्हणाले, "मी पाहाले आली. मी पाहून घेतो. ज्याले मले पाहाचं असंन त्यानं मांगून याव." आणि मी आत चालू लागले.

खरी मंडळी आली तेव्हा मी दुसऱ्या दालनात होते. मुलगा, त्याची आई आणि त्याची मावशी. आत्याने त्यांना कसं समजावलं कोण जाणे, पण ती सगळी वरात माझ्या मागे निघाली. पुढे मी, मागे आत्या 'रजे, रजे' करत, तिच्यामागे मुलाकडचे, त्यांच्यामागे वड्यांची पिशवी सांभाळत आई, आणि सगळ्यात शेवटी बाबा. एरवी वरातीत सगळ्यात पुढे असणारा माणूस! मी कुठेही घाई केली नाही. प्रत्येक चित्रापुढे थांबले. राजे-राण्या पाहिल्या, गाईगुरं पाहिली, एका मोठ्या कॅनव्हासवरचा बाजार पाहिला, त्यातल्या वांग्यांचा जांभळा कसा आला असेल याचा विचार केला. मुलाच्या आईचे गुडघे दुखायला लागले. ती बाकावर बसली की मी पुढच्या दालनात जायची आणि तिला उठावं लागायचं. मी तेव्हा दुष्ट होते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. त्या दिवशी माझ्याकडे पाय सोडून दुसरं काही नव्हतं.

असं करत मी त्या चित्रापुढे आले. दाराएवढं उंच चित्र होतं. उंबऱ्यावर एक बाई उभी, आपल्याकडे पाठ करून. बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन, एक रिकामी गल्ली, आणि ती त्या गल्लीकडे पाहते आहे. चेहरा दिसतच नव्हता. दिसत होती ती पाठ, मान, आणि कमरेपर्यंतची वेणी. मी जवळ गेले तर वेणी नाहीशी झाली. नुसते रंगाचे फटकारे उरले, काळा, निळा आणि चक्क हिरवा. दोन पावलं मागे आले तर पुन्हा वेणी. पुन्हा पुढे गेले, पुन्हा फटकारे. केसांत हिरवा रंग घालायचं धाडस माझ्या सात जन्मांत झालं नसतं. मी सगळं विसरले. आत्या, कोर्स, मुलगा, कुणी माझ्या डोक्यात उरलं नाही. मी त्या हिरव्या फटकाऱ्याकडे पाहत उभी असताना मागून कुणीतरी माझी वेणी धरली आणि खसकन ओढली.

मावशी होती. केस खरे आहेत की आत गंगावन घातलंय, हे पाहत होती. तेव्हा पाहायची ती पद्धतच होती. वेणी ओढायची, चालून दाखव म्हणायचं, सुईत दोरा ओवायला लावायचा. आईची ओढली होती, आत्याचीही ओढली असणार. पण मी वळले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून, अख्ख्या दालनात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात लावू नका. लिहून हाय तिथं. इथल्या कोनत्याच वस्तूले हात लावाचा नसते."

दारात स्टुलावर एक पहारेकरी पेंगत होता. तो दचकून जागा झाला आणि रोजच्या सवयीने ओरडला, "ओ मावशी! दुरून पाहा, दुरून! हात नका लावू!"

मावशीने वेणी अशी सोडली की जणू चटका बसला. कुणीतरी हसलं. मी मुलाकडे वळले. तो बिचारा आल्यापासून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मी विचारलं, "तुम्हाले कसं वाटलं हे चित्र?"

त्याने वर पाहिलं, चित्राकडे, मग आईकडे. "मोठं आहे," तो म्हणाला.

त्याच्यावर माझा राग नव्हता आणि नाही. त्यालाही कुणीतरी हाताला धरूनच आणलं होतं. मावशीने मात्र "पोरगी लय तोंडाळ हाय, बाई" असा निकाल तिथेच जाहीर केला, आणि ती मंडळी वड्यांकडे न पाहता निघून गेली.

बाहेर हिरवळीवर आईने डबा उघडला आणि ती रडायला लागली. नाक कापलं म्हणाली, दिवसभराची मेहनत मातीत गेली म्हणाली. नेमकी कुठली मेहनत, माझ्या लग्नाची की वड्यांची, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत्या बसलीसुद्धा नाही. "माह्या ओळखीतून आनलेल्या लोकाईपुढं माही शोभा केली ह्या पोरीनं. आइकून घे दादा, कोर्साचं नाव माह्यापुढं काढू नको. ह्या पोरीनं माह्या दारात पाय नाही ठेवाचा." आणि ती फाटकाकडे चालायला लागली. तिच्या दाराशिवाय मला नागपुरात दुसरं दार नव्हतं. हे मला कळत होतं, आईला कळत होतं. तरी तोंडातून माफीचा शब्द काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि दातावर दात ठेवून गवताकडे पाहत बसले.

बाबांनी एक वडी उचलली, अर्धी खाल्ली, उरलेली डब्यात ठेवली आणि उठले. "चाल," मला म्हणाले.

"कुठं?"

"आत."

आम्ही दोघंच पुन्हा सगळी दालनं ओलांडून त्या चित्रापुढे आलो. पहारेकऱ्याने मला ओळखलं आणि स्टूल थोडं सरकवून घेतलं. बाबा हात पाठीशी बांधून बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्यासारखेच जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. "केसात हिरवा हाय वं," म्हणाले.

"हो."

"हिचं तोंड काहून नाही काढलं?"

"तिले दाखवाचं नसंन," मी म्हणाले. अजून रागातच होते.

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एवढी लग्नं वाजवली म्या. आम्ही वरातीच्या पुढं, नवरदेव मांगं, आन् नवरी मांडवात. तिथं पोचलो का आमाले जेवाले बसवतेत मांगच्या बाजूले. नवरीचं तोंड कधी पाह्यलंच नाही. थे खुश हाय का रडून राह्यली, कोनाले पुसाव? आपून वाजवत राहाचं." ते चित्राकडून माझ्याकडे वळले. "तुहं तोंड पाह्यलं आज. तिनं वेनी ओढली तवा."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, स्वतःचंच नाक शिंकरलं, आणि विचारलं, "थे कोर्साची शाळा कुठी हाय? पायी जाता येईन का?"

रविवार होता, ती बंद असणार, हे मी सांगितलं. तरी ते निघाले. राहण्याचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढे ते त्यांनीच जमवलं, नागपूरच्या एका ढोलवाल्याच्या घरी, जिथे मी दोन वर्षं त्याच्या मुलींच्या खोलीत राहिले आणि भाड्यापोटी ढोल रंगवले. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं नुसते चालत गेलो, पुढे बाबा, त्यांच्यामागे साडीच्या निऱ्या वर खोचून मी, आणि दहा पावलं मागे आई, पिशवी हातात, माझ्याशी न बोलता. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. बाबांनी फाटकावरची पाटी सगळी वाचली, कुंपणाच्या गजांतून आतलं अंगण पाहिलं. चौकीदार खोपटातून बाहेर आला, काय पाहिजे म्हणाला. बाबांना काय पाहिजे ते नेमकं सांगता येईना.

तेव्हा मागून आई आली. तिने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि सगळ्या सांबारवड्या गजांतून त्याच्यापुढे धरल्या. डोळे अजून सुजलेले होते. मग तिने दुसऱ्या हाताने माझा दंड धरून मला पुढे ओढलं.

"हे माही पोरगी," ती चौकीदाराला म्हणाली. "नीट पाहून ठेवा, भाऊ. येत्या जूनपासून रोज येईन थे इथं. अडवू नका."